चौथ्या फेडरवरची चढाई

बस, राजनंदिनी. आधी चहा घे. खालच्या टपरीचा चहा गार झाला की प्यायच्या लायकीचा राहत नाही. वीज गेली तरी काळजी करू नकोस, इन्व्हर्टरवर बोर्ड आणि हा एक दिवा चालतो. पंखा चालत नाही. श्रावणात महाडला वीज पाहुण्यासारखी येते आणि जावयासारखी रुसते, होईल सवय. मला वीरला जाऊन गाडी पकडायची आहे, रिक्षावाला यायला थोडा वेळ आहे. हवेत आत्ता रेकॉर्ड केलेली मुलाखत चालली आहे, तेवढ्यात हा बोर्ड तुझ्या ताब्यात देऊन टाकतो.

पुण्यात शिकून आलीस, तेव्हा फेडर म्हणजे आवाज वरखाली करायची सरकती दांडी, हे तुला सांगायला नको. पहिला फेडर तुझ्या माइकचा. दुसरा श्रोत्यांच्या फोनचा. तिसरा बाहेरच्या मैदानावरून बोलणाऱ्याचा. आणि हा चौथा, ज्याच्यावर मी आत्ता नवी काळी पट्टी चिकटवली, त्याला हात लावायचा नाही.

हसलीस? मीही हसलो असतो. मागे वाकून बघ. चौथ्या भोकात वायर आहे का? नाही ना? आता पुढून बघ. पट्टीच्या वरचा तो हिरवा दिवा लुकलुकतोय. आवाज येत असल्याशिवाय तो दिवा हलत नाही.

मेकॅनिक दोनदा आला, बोर्ड उघडून बघितला, बिघाड नाही म्हणाला. नवा बोर्ड घ्यायला आपला मालक प्रवीण तयार नाही. तो उद्या गावाहून आला की संध्याकाळी इथे येईल, पट्टी काढेल, हेडफोन लावून बसेल. त्याला काही विचारू नकोस आणि त्याच्या हातून हेडफोन घेऊ नकोस. आणि काहीही झालं तरी तो आवाज हवेत जाऊ द्यायचा नाही. एकदा गेला होता, तेव्हा प्रवीण मरता मरता वाचला. का ते ऐकून ठेव, मग हसायचं तर हस.

तेव्हा आम्ही नुकतेच सुरू होणार होतो. प्रवीण मुंबईची नोकरी सोडून आला होता, डोक्यात एकच वेड, खेळाचं बोलणारं रेडिओ स्टेशन काढायचं. दिवसभर कबड्डी, टेनिस बॉलचं क्रिकेट, बैलगाडी शर्यत, बाकी काही नाही. नाव चढाई रेडिओ. मी महाडच्या बाजारपेठेत वाढलेला माणूस, ध्वनीचं काम येतं, कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मी त्याला म्हटलं, इथे एक गाण्यांचं स्टेशन आधीच आहे, वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊन त्याने सगळ्या जाहिराती खिशात घातल्यात. शिवाय गावोगावच्या स्पर्धा लोक मोबाइलवर थेट बघतात, चार चार कॅमेरे असतात. तुझं नुसतं बोलणं कोण ऐकणार? तो म्हणाला, कॅमेऱ्याला गडी दिसतो, दम ऐकू येत नाय. आपण दम ऐकवायचा.

कल्पना चांगली होती, ते मला तेव्हाही कबूल होतं. ट्रॅक्टरच्या शोरूमवाले राजेशशेठ म्हणाले, उद्घाटनाच्या दिवशी ऐकतो आणि मग जाहिरातींचं ठरवतो. त्या गाण्यांच्या स्टेशनचा माणूसही त्यांच्याकडे बसून होता. म्हणजे एका संध्याकाळवर आमचं सगळं होतं.

उद्घाटनाला प्रवीणने स्वतःच्याच गावची स्पर्धा निवडली. आंबेखोल, पोलादपूरच्या वर डोंगरात. माघातल्या जत्रेची स्पर्धा, सगळे मुंबईकर त्यासाठी गावी येतात. आम्ही दोघं आदल्या दिवशी जागा बघायला गेलो तेव्हा प्रवीणचे वडील, भागोजीकाका, मैदानाच्या कडेला बसले होते. काटक म्हातारा, मनगटं अजून कुऱ्हाडीच्या दांड्यासारखी. आमचं सामान बघून त्यांनी विचारलं, माइक किती. प्रवीण म्हणाला, एक माझ्या हातात, एक मैदानात. म्हातारा उठून उभा राहिला.

आंबेखोलला एक रीत आहे. समालोचक कितीही बडबड्या असो, गडी चढाईला निघाला की कर्णा बंद. तो रेषेवर परत आला किंवा पकडला गेला की कर्णा पुन्हा चालू. दुसऱ्या गावचे लोक चेष्टा करतात, आंबेखोलचा समालोचक उचक्या लागल्यासारखा बोलतो म्हणतात. मी काकांना विचारलं, असं का? त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं.

प्रवीणच्या जन्माआधी याच मैदानात अंतिम सामना होता, आंबेखोल आणि सावरट. तेव्हा चढाईला सेकंदांची मर्यादा नव्हती, दम होता तोवर खेळायचं. सावरटचा दत्ताराम चढाईला आला. त्याच्यासारखा दमाचा गडी या दोन तालुक्यांत नव्हता. आंबेखोलच्या पोरांनी त्याला पकडलं, सगळे वर पडले. मनगट भागोजीकाकांच्या हातात, आणि दत्तारामाची बोटं मधल्या रेषेपासून टीचभर लांब. खालून कबड्डी, कबड्डी चालूच. पंच वाकून वाट बघत होता, की दम तुटतो की बोटं रेषेला लागतात. कुणी सोडेना आणि दम तुटेना. मग काकांना जाणवलं की हातातलं मनगट गार पडलंय. सगळे उठले. दत्ताराम गेलेला होता.

"आमी उठलो तरी कबड्डी ऐकू येत व्हतं," काका म्हणाले. "मातीतनं. पंचानं शिट्टी मारली नाय. काय म्हणून मारणार? दम तुटला नाय, रेषा लागली नाय. सामना तिथंच ऱ्हायला हाय."

म्हणून चढाई चालू असताना त्या मैदानात आवाज मोठा करायचा नाही. मातीत जे चाललंय ते चालू दे, त्याला कर्णा द्यायचा नाही. पकडीतले बाकीचे गडी एकेक करून म्हातारपणानं गेले, काका एकटे उरले होते. त्यांनी प्रवीणकडून वचन घेतलं की चढाईत माइक बंद ठेवशील. प्रवीण हो म्हणाला.

पण तू रेडिओची आहेस, तुला ठाऊक आहे आपल्याला कशाची भीती वाटते. भुताची नाही, शांततेची. हवेत थोडा वेळ काही ऐकू आलं नाही की श्रोता बटण फिरवतो, आणि पलीकडे गाणं तयारच असतं. प्रत्येक चढाईला स्टेशन मुकं राहिलं असतं तर राजेशशेठ पहिल्या डावातच उठून गेले असते. प्रवीणने रात्रभर विचार केला आणि वडिलांना फसवायचं नाही असं ठरवून वडिलांना फसवलं. स्वतःचा माइक तो बंदच ठेवणार होता, शब्द पाळायचा म्हणून. मैदानातला छोटा माइक मात्र त्याने सकाळी मधल्या रेषेच्या टोकाशी, मातीत अर्धा पुरून ठेवला. मी इथे स्टुडिओत होतो. तिसऱ्या फेडरवर प्रवीण, चौथ्यावर तो माइक.

दुपारभर काय सुरेख चाललं होतं. प्रवीण बोलायचा, गडी निघाला की गप्प व्हायचा, मी चौथा फेडर वर सरकवायचा, आणि मातीवर घासणारे पाय, दबा धरलेल्यांचे श्वास, कबड्डी कबड्डी, सगळं श्रोत्याच्या कानाशी. फोन थांबेनात. एमआयडीसीतले कामगार, घाटातले ट्रकवाले, पाचाडच्या खानावळीतून एक बाई. राजेशशेठचा निरोप आला, सोन्यासारखं चाललंय. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तशी आमची गत झाली होती.

ऊन उतरायला लागलं आणि अंतिम सामन्याचं मध्यंतर झालं. प्रवीण जाहिराती वाचत होता. मी चौथा फेडर खाली ओढला, हात मोकळे केले. आणि हेडफोनमध्ये कुणीतरी म्हणत होतं, कबड्डी, कबड्डी, कबड्डी.

आधी वाटलं, मध्यंतरात पोरं खेळताहेत. फेडर तर खाली होता. मी तो पुन्हा खाली दाबला, आवाजात फरक नाही. प्रवीणच्या कानात माझा आवाज जायची सोय होती, त्याला विचारलं, मैदानात कोण आहे रे?

"कोन नाय," तो म्हणाला. "पानी मारतायत."

त्याच वेळी फोनचा दिवा पेटला. बिरवाडीहून कुणी म्हातारा, विचारत होता, हा गडी कोण? असा दम मी तरुणपणी एकदाच ऐकला होता. मग दुसरा फोन, तिसरा. सगळे खुशीत. आपल्या स्टेशनवर त्या दिवशी सगळ्यात जास्त लोक तेव्हाच होते, जेव्हा मैदान रिकामं होतं.

मी वायर उपटली. चौथ्या भोकातून, या हाताने. आवाज आला तसाच येत राहिला. घोगरा, एका लयीत, आणि मध्ये श्वास घेतल्याची खूण नाही. तू कधी कबड्डी म्हणून बघ, दम लावून. थोड्याच वेळात छाती भाजायला लागते, आवाज बारीक होतो. हा बारीक होत नव्हता. मला काय करावं ते कळत नव्हतं.

मग मला प्रवीणच्या बोलण्यातला फरक कळला. तो जाहिरातीची वाक्यं तोडून वाचत होता. दोन शब्द, थांबला. एक शब्द, थांबला. थांबल्यावर माणूस श्वास घेतो, माइकवर तो आपल्याला ऐकू येतो. प्रवीणचा ऐकू येत नव्हता.

"मुकुल..." तो म्हणाला. "श्वास... आत जात नाय..."

मी म्हटलं, माइक ठेव, हेडफोन काढ, ऊठ तिथून. तिसऱ्या फेडरवर, प्रवीणच्या स्वतःच्या आवाजात, हळूच सुरू झालं... कबड्डी... कबड्डी... आणि ते चौथ्याच्या लयीला जाऊन मिळालं. दोघांचा दम एक झाला. मी ट्रान्समीटर बंद केला. हा खटका, भिंतीवरचा. खालच्या खताच्या दुकानात रेडिओ लावलेला होता, जिन्यातून मला तो ऐकू येत होता. त्यातली कबड्डी बंद झाली नाही.

मी आंबेखोलला ओळखीच्या एकाला फोन लावला, प्रवीणला धरा, दवाखान्यात न्या. तो म्हणाला, प्रवीण तर नीट बसलाय, बोलतोय. लांबून तसंच दिसत होतं. ओठ हलत होते ना.

भागोजीकाका मैदानाच्या कडेला होते, खिशातला छोटा रेडिओ कानाला लावून. लेकाचं कौतुक ऐकायला. त्यांनी काय ऐकलं असेल, त्याचा विचार करायला लागलो की मला अजून झोप येत नाही. पुढचं मी डोळ्यांनी बघितलेलं नाही, या चौथ्या फेडरवर ऐकलंय. आधी वहाणा काढल्याचा आवाज. मग ओल्या मातीतून येणारी पावलं, म्हाताऱ्याची, सावकाश. गुडघे टेकल्याचा आवाज. आणि अगदी माइकपाशी, हळू, एखाद्या आजाऱ्याशी बोलावं तसे काका बोलले.

"दत्ता... सोडतो रे. हात सोडतो तुजा. जा. रेषा हितंच हाय."

मग मातीत काहीतरी ओढल्यासारखं घासलं. कबड्डीचा आवाज वाढत वाढत माइकपाशी आला, इतका जवळ की मी हेडफोन कानापासून लांब धरला. आणि थांबला. लांब शिट्टी झाली. तिसऱ्या फेडरवर प्रवीणने विहिरीतून वर आल्यासारखा श्वास घेतला, आणि मी इथे, या खुर्चीत, लहान मुलासारखा रडलो.

लोकांनी बघितलं ते एवढंच. म्हातारा ओल्या मैदानात गेला, मधल्या रेषेशी गुडघ्यावर बसला, कुणाला तरी हाताला धरून पुढे सरकवावं तसं त्याने केलं. मग उठला, गुडघ्याची माती झटकली, आणि बाहेर जाऊन बाद झालेले गडी ओळीने बसतात ना, तिथे मांडी घालून बसला. दुसरा डाव सुरू करायला पंच आले तेव्हा कुणीतरी म्हणालं, काका, जरा सरका. काका गेलेले होते. आणि शिट्टी कुणी मारली हे आजवर कळलेलं नाही. पंचाची तर गळ्यातसुद्धा नव्हती, चहा पिताना काढून ठेवली होती त्याने.

मला खेळ कळत नाही म्हणालो ना? नंतर प्रवीणनेच समजावलं, कोरड्या डोळ्यांनी. पकडलेला गडी दम न तुटता रेषेला लागला, तर ज्यांनी त्याला धरलं होतं ते सगळे बाद. बाबांना हे माहीत होतं, तो म्हणाला. माहीत असूनच हात सोडला.

स्टेशन मात्र जोरात चाललं. राजेशशेठनी वर्षभराच्या जाहिराती दिल्या, गाण्यांच्या स्टेशनने खेळाचा कार्यक्रम सुरू करून बंदही केला. लोक अजून फोन करून त्या गड्याचं नाव विचारतात. बाराव्यापर्यंत चौथा फेडर गप्प होता. मला वाटलं, सुटलो.

तेराव्याला संध्याकाळी हा हिरवा दिवा हलला. मी हेडफोन लावला. कबड्डी, कबड्डी. पण हा आवाज दत्तारामाचा नव्हता. थकलेला, जरा कापरा. मी ते प्रवीणपासून लपवायला हवं होतं, पण तो दारातच उभा होता. त्याने हेडफोन घेतला, ऐकला, खाली बसला आणि म्हणाला, "बाबा हायत."

एका बाजूची चढाई संपली की दुसऱ्या बाजूची पाळी येते. एवढं तर मलाही कळतं. सामना तिथंच राहिला होता, तो पुढे सुरू झाला.

तेव्हापासून प्रवीण रोज ऐकतो. बापाचा दम अजून टिकून आहे याचं त्याला बरं वाटतं, वेड्याला. त्याला त्यात काही भीतीचं दिसत नाही. मला दिसतं. म्हाताऱ्याची चढाई चालली असेल तर समोरच्या अंगणात कोणीतरी उभं असणार. सावरटच्या त्या संघातलं कोण उरलंय, हे विचारायला जायचं माझं धाडस झालं नाही. मी फक्त पट्टी चिकटवतो आणि घरी जातो.

का गं, चहा का ठेवलास?

काय म्हणालीस? तुझे आजोबा? तू तर पोलादपूरची ना... आईचे वडील. सावरटचे. त्या सामन्यात होते?

मग त्या संघातले आता आणखी कोण... एकटेच. बरं. घाबरू नकोस. रेडिओ ऐकतात का ते? तू इथे लागल्यापासून रोज, ओट्यावर बसून. साहजिक आहे, नातीचं कौतुक.

तब्येत कशी आहे त्यांची? ठणठणीत. मग तोंड का उतरलं तुझं?

परत सांग. काल संध्याकाळी. ओट्यावर बसले असताना घोट्याला कुणीतरी हात लावून गेलं म्हणाले. मांजर असेल असं तुम्हाला वाटलं... मांजर होतं का तिथे?

थांब, उठू नकोस. दे तो हेडफोन. मी कधी स्वतःहून ऐकत नाही हा, पण दे.

काकाच आहेत. कबड्डी... कबड्डी... मला कळत नाहीये गं, याचा दम तुटावा म्हणू की तुटू नये म्हणू. तुटला तर प्रवीणला मी काय सांगू? आणि न तुटता रेषेला लागला, तर ज्याला शिवला तो...

आवाज मोठा झालाय. परवापर्यंत कान देऊन ऐकावं लागतं म्हणायचा प्रवीण. नाही, मी काही सरकवलेलं नाही, पट्टी तशीच आहे, बघ. तो जवळ येतोय. माइककडे येतोय. माइक मधल्या रेषेच्या टोकाशी पुरला होता, मघाशी सांगितलं ना मी तुला.

रिक्षा आली वाटतं खाली. जाऊ दे तिला. तू घरी फोन लाव, राजनंदिनी, आजोबांना आत घ्यायला सांग, रेडिओ बंद करायला सांग. लागला?

कोण उचलतंय का बघ.